छत्रीचा ठेला आणि दहा संगणक: व्यवसायातले निर्णय शिकवणारा खेळ वर्गात कसा घ्यावा

हा खेळ मी पहिल्यांदा वर्गात घेतला तेव्हा जिंकणारा गट टायपिंगच्या चुकीने जिंकला. चाळीस छत्र्या मागवायच्या होत्या, शून्यावर बोट दोनदा पडलं आणि ४०० गेल्या. पुढच्याच फेरीत पाऊस. बाकीच्यांचे ठेले रिकामे, आणि या चौघांचा माल संपता संपेना. माझ्या शीटमध्ये, म्हणजे खेळाचा हिशेब करणाऱ्या संगणकावरच्या तक्त्यात, तेव्हा उधारीला मर्यादा नव्हती की व्याज नव्हतं, त्यामुळे गल्ल्यात नसलेल्या पैशांवर त्यांनी सगळी बाजारपेठ मारली. टाळ्या वाजल्या. शेजारच्या गटातली एक मुलगी मात्र कागदभर केलेली आकडेमोड घडी घालत म्हणाली, "मॅडम, आम्ही अर्धा तास हिशेब करत होतो." तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुंबईतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवते. त्या दिवसानंतर बऱ्याच तुकड्यांवर हा खेळ घेऊन झाला, शीट चार वेळा मोडून पुन्हा बांधली. तुम्ही हे पहिल्यांदाच करणार असाल तर माझ्या चुका तुमच्या कामी याव्यात म्हणून हे लिहिते आहे. संगणकाचं खास ज्ञान लागत नाही. बेरीज-वजाबाकीची शीट बनवता येत असेल तर पुरे.

१. तयार खेळ की स्वतःची शीट?

व्यवसायाचे असे खेळ काही आजचे नाहीत. अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने १९५६ मध्ये कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी संगणकावरचा खेळ तयार केला होता. लिंबू सरबताची गाडी चालवायचा शाळकरी मुलांचा खेळ अमेरिकेत १९७३ पासून आहे. आज इंटरनेटवर डझनावारी मिळतात. पण बहुतेक इंग्रजीत, हिशेब डॉलरमध्ये, आणि जे बरे आहेत ते दर विद्यार्थ्यामागे पैसे मागतात. माझ्या वर्गातली मुलं पहिली पंधरा मिनिटं स्क्रीनवरचं इंग्रजी लावण्यातच घालवायची, निर्णय राहिला बाजूला.

म्हणून माझं मत साफ आहे: पहिल्या वर्षी स्वतःची शीट बनवा. त्यातलं प्रत्येक सूत्र तुम्हाला माहीत असतं. "मॅडम, आमचा नफा असा का आला?" या प्रश्नाला "संगणकाने काढला" हे उत्तर देण्याची वेळ येत नाही.

माझा खेळ छत्रीच्या ठेल्याचा आहे. दादर पश्चिमेला केशवसुत उड्डाणपुलाखाली दहा ठेले, प्रत्येक गटाचा एक. मे महिन्याचा तिसरा आठवडा ते जुलैचा दुसरा, असे आठ आठवडे म्हणजे आठ फेऱ्या. दर फेरीला दोनच निर्णय: किती छत्र्या मागवायच्या आणि काय किमतीला विकायच्या. पाऊस कधी येणार ते कुणालाच माहीत नाही.

२. काय काय लागेल

- दर गटाला एक चालू संगणक. "लॅबमध्ये २५ आहेत" हे ऐकून खूश होऊ नका, स्वतः जाऊन मोजा.
- लिब्रेऑफिस कॅल्क किंवा एक्सेल. पहिलं फुकट मिळतं आणि या कामाला पुरतं.
- तुमच्यासाठी एक संगणक आणि प्रोजेक्टर. सगळ्यांचा हिशेब करणारी मुख्य शीट यावरच राहील.
- दोन पेनड्राइव्ह, दोन्हीत तीच फाइल.
- निर्णयाच्या चिठ्ठ्या: दर गटाला आठ. पाठकोऱ्या कागदाच्या चालतात.
- बंद पाकिटात पावसाचं वेळापत्रक.
- सलग दोन तासिका, दोन दिवस. वेळापत्रक बघणाऱ्या सरांना महिनाभर आधी गाठा.

आणि लॅब सांभाळणाऱ्या दादांशी आधी चहा घ्या. हे गमतीने लिहीत नाही. कुठला माऊस अडकतो, कुठल्या संगणकाची वेळ १९७० साल दाखवते, हे फक्त त्यांना माहीत असतं.

३. शीट बनवणे

यात वेळ जातो, पण एकदाच.

खेळातले आकडे मी असे ठेवलेत. छत्रीचा खरेदी भाव १८० रुपये. ठेल्याचं भाडं आठवड्याला २,००० रुपये. सुरुवातीला गल्ल्यात २०,००० रुपये आणि ठेल्यावर २० छत्र्या. उधारी जास्तीत जास्त १०,००० रुपये, दर फेरीला ५ टक्के व्याज. हंगामाअखेर उरलेली छत्री घाऊक व्यापारी १०० रुपयांना परत घेतो. आज मागवलेला माल पुढच्या फेरीला हातात पडतो. हा शेवटचा नियम काढू नका, खेळाचा सगळा जीव त्यात आहे.

मागणी पावसावर अवलंबून. कोरड्या आठवड्यात गटामागे २० गिऱ्हाइकं, सरी पडल्या तर ५०, मुसळधार असेल तर ९०. दहा गट असतील तर बाजारात एकूण २००, ५०० किंवा ९००. तुमच्याकडे सात गट असतील तर सातने गुणा.

ही गिऱ्हाइकं ठेल्यांमध्ये वाटायची कशी? इथे मी बरेच दिवस अडले होते. शेवटी हे जमलं:

- गटाचं वजन: ३०० ला गटाच्या किमतीने भागा आणि येईल त्याचा वर्ग करा.
- गटाचा वाटा: त्याचं वजन भागिले सगळ्या गटांच्या वजनांची बेरीज.
- गिऱ्हाइकं: वाटा गुणिले बाजारातली एकूण मागणी. अपूर्णांक सोडून द्या, अर्धी छत्री कुणी घेत नाही.
- विक्री: गिऱ्हाइकं आणि ठेल्यावरचा माल यांतला जो आकडा लहान तो. शीटमध्ये यासाठी 'मिन' हे सूत्र असतं.
- गल्ला: मागचा गल्ला, अधिक विक्रीचे पैसे, वजा नव्या मालाचे पैसे, वजा भाडं, वजा व्याज.

एक उदाहरण हाताने करून बघा, म्हणजे सूत्र बरोबर बसलं का ते कळेल. सरींचा आठवडा, दहा गट, नऊ जणांची किंमत ३०० आणि एकाची २५०. त्या एकाचं वजन १.४४, सगळ्यांची बेरीज १०.४४. त्याला ६८ गिऱ्हाइकं मिळतात. छत्रीमागे ७० रुपये सुटतात, म्हणजे ४,७६० रुपये. त्याने किंमत ३०० च ठेवली असती तर ५० छत्र्या विकून ६,००० रुपये सुटले असते. जास्त विकलं आणि कमी कमावलं. हा धडा मुलांना आधी सांगू नका. दर तुकडीत एक तरी गट स्वतःहून या खड्ड्यात उतरतो, आणि ठेल्यावर गर्दी दिसल्यामुळे दोन फेऱ्या त्याला पत्ताच लागत नाही.

दोन रकाने विसरू नका. एक 'वाटेत', म्हणजे पैसे दिलेत पण माल अजून आलेला नाही. दुसरा 'उधारी'.

आता कुलूप. आकडे भरायचे सेल सोडून बाकी शीट बंद करा, नाहीतर कुणीतरी सूत्रावर टाइप करतंच. गोची अशी की शीट सुरक्षित केली की सगळेच सेल बंद होतात. आधी भरायचे सेल निवडून त्यांचं संरक्षण काढायचं, मग शीटला कुलूप लावायचं. आणि 'डेटा' मेन्यूतल्या व्हॅलिडिटीत मर्यादा घाला: ऑर्डर ० ते १५०, किंमत १८० ते ४००. माझं ते जास्तीचं शून्य इथेच अडलं असतं.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फॉन्टमध्ये घरी टाइप केलेलं लॅबमध्ये भलत्याच चिन्हांचं होऊन उघडतं.

४. पावसाचं पाकीट

पाऊस फाशाने ठरवावा असं काही सहकाऱ्यांचं म्हणणं. मी नाही ठरवत. फाशाने मुलांना वाटतं, सगळं नशिबावर आहे. त्यापेक्षा मुंबईचाच पाऊस घ्या. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस यायची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२३ मध्ये तो २५ जूनला आला. २०२५ मध्ये २६ मेला. दोन वर्षांमध्ये तब्बल महिन्याचा फरक!

मी दोन वेळापत्रकं बनवली. 'उशिराचं साल' यात पाचव्या फेरीपर्यंत कोरडं आणि अधूनमधून एखादी सर, सहाव्या फेरीला मुसळधार. 'लवकरचं साल' यात दुसऱ्याच फेरीला मुसळधार, मग थोडी उघडीप. मुख्य तारीख खऱ्या सालातली, मधले आठवडे मी माझ्या मनाने भरलेत आणि तसं मुलांना सांगते. तीनही तारखा फळ्यावर लिहिते. कुठलं साल चालू आहे ते मात्र पाकिटात.

५. आदल्या दिवशी लॅबमध्ये

सगळे संगणक चालू करा, प्रत्येकावर फाइल उघडून बघा. अनेक लॅबमध्ये संगणक बंद करून चालू केला की नवीन ठेवलेलं सगळं पुसणारं सॉफ्टवेअर असतं. आदल्या दिवशी दहा ठिकाणी फाइल टाकून मी घरी गेले आणि सकाळी एकातही नव्हती, असं एकदा झालंय. आता तास सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं पोचते आणि तेव्हाच टाकते.

इंटरनेटवरची शीट वापरायचा मोह होतो, सगळे एकाच वेळी भरतील म्हणून. मी केलं. तीस मुलांनी एकदम लॉगिन केलं, निम्म्यांना मोबाइलवर कोड मागितला, आणि मोबाइल नियमाप्रमाणे स्टाफरूमच्या कपाटात. पाऊण तास त्यात गेला. तेव्हापासून पद्धत अशी: गटाच्या संगणकावर त्यांची स्वतःची शीट, "इतक्या मागवल्या तर काय होईल" हे करून बघायला. पक्का निर्णय चिठ्ठीवर. चिठ्ठ्या गोळा करून मी मुख्य शीटमध्ये भरते. दहा गटांचे वीस आकडे, तीन मिनिटं लागतात. नेट गेलं तरी खेळ चालू.

आणखी एक. जुलै-ऑगस्टात खेळ ठेवलात तर पर्यायी दिवस हाताशी असू द्या. छत्रीच्या खेळाचा माझा एक दिवस पावसाच्या सुट्टीतच वाहून गेला होता.

६. गट पाडणे

चौघांचा गट. सहा केले तर दोघं खिडकीबाहेर बघतात. कामं वाटून द्या: खरेदी, किंमत, हिशेब आणि चिठ्ठी. ही कामं दर दोन फेऱ्यांनी फिरवा, नाहीतर ज्याला टाइप करता येतं त्याच्याच हातात माऊस राहतो.

हुशार मुलं एकत्र बसू देऊ नका, एवढं तुम्ही कराच. त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे ज्यांच्या घरी खरोखर ठेला किंवा दुकान आहे ती मुलं. माझ्या एका विद्यार्थ्याने दुसऱ्या फेरीला हात वर करून विचारलं, "मॅडम, यात गाडी येत नाही का?" अर्धा वर्ग हसला, अर्ध्याला कळलंच नाही. गाडी म्हणजे पालिकेची, फेरीवाल्यांचा माल उचलणारी. त्याला जे माहीत होतं ते माझ्या शीटमध्ये नव्हतं. मी नंतर 'गाडी आली' अशी एक चिठ्ठी खेळात घातली: एका फेरीत निम्मी विक्री बुडते. पण अशा मुलाला उभं करून "सांग रे, तुझे बाबा कसं करतात" असं विचारू नका. त्याला सांगायचं असेल तर तो सांगतो.

७. फेऱ्या चालवणे

पहिल्या दिवशी वीस मिनिटं नियम, मग एक सरावाची फेरी जिचा हिशेब धरायचा नाही, मग तीन खऱ्या फेऱ्या. उरलेल्या पाच दुसऱ्या दिवशी. एका फेरीला आठ मिनिटं: पाच विचाराला, तीन भरायला आणि निकाल पडद्यावर दाखवायला. घंटा वाजवा. एकदा "मॅडम, एकच मिनिट" ऐकलंत की आठवी फेरी गेली.

चिठ्ठीवर तीन ओळी हव्यात: किती मागवल्या, किंमत काय, आणि का. 'का' रिकामं असेल तर चिठ्ठी परत. सुरुवातीला "पाऊस पडेल असं वाटतं" असली कारणं येतात. चालू द्या, पण पुढच्या फेरीला विचारा, किती वाटतं? नाही पडला तर किती पैसे अडकतील? चौथ्या फेरीपर्यंत चिठ्ठ्या बदलतात. एका गटाची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे: "६० मागवतो. नाही पडला तर भाड्यापुरते पैसे उरतात. त्याच्या पुढे हिंमत नाही." इतकं स्वच्छ कारण मी पाठ्यपुस्तकातून शिकवू शकले नसते.

मध्येच मदत करू नका. कठीण जातं. गट चुकतोय हे दिसत असतं, तोंडावर उत्तर आलेलं असतं. फळ्याकडे तोंड करून उभी राहते मी.

सगळ्यात मोठा सापळा पहिल्या मुसळधार फेरीनंतर येतो. ठेला रिकामा, गिऱ्हाईक परत गेलं, गट घाबरतो आणि १५० मागवतो. मागच्या फेरीचे ७० वाटेत आहेत हे विसरतो. मग दोन फेऱ्यांनी पाऊस ओसरतो आणि ठेल्यावर छत्र्यांचा ढीग. व्यवस्थापनाच्या शिक्षणात हा प्रकार प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६० च्या सुमाराला यावरच एक खेळ तयार झाला: किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशी चौघांची साखळी, आणि दुकानातली छोटीशी वाढ कारखान्यापर्यंत जाता जाता प्रचंड होते. त्या खेळात माल म्हणून बिअर आहे. आपल्या वर्गात सरबत म्हणा, प्राचार्यांना समजावत बसावं लागणार नाही.

८. खेळ थांबवून बोलणे

दुसऱ्या दिवशी घड्याळात चाळीस मिनिटं उरली की फेरी कितवीही असो, थांबा. आठवी राहिली तरी चालेल. माझी पहिली तुकडी घंटेपर्यंत खेळली, ओरडली, निघून गेली. पुढच्या आठवड्यात विचारलं तर फक्त कोण जिंकलं ते लक्षात होतं.

माझे प्रश्न साधारण या क्रमाने जातात. आधी चिठ्ठ्या परत द्या आणि विचारा, कुठला निर्णय आज पुन्हा तसाच घ्याल? मग विचारा, निकाल चांगला लागला पण निर्णय वाईट होता, असं कुठे झालं? इथे मी माझ्या ४०० छत्र्यांची गोष्ट सांगते आणि वाद पेटतो. "जिंकले ना मग!" असं म्हणणारे असतातच. घाई करू नका. त्यांना इतकंच विचारा, पाऊस दोन आठवडे उशिरा आला असता तर ७२,००० रुपयांच्या मालाचं काय झालं असतं?

मग शेवटच्या ऑर्डरचा हिशेब फळ्यावर. किंमत ३०० धरा. छत्री कमी पडली तर १२० रुपयांचा नफा हुकतो. उरली तर १८० ची वस्तू १०० ला जाते, ८० रुपये बुडतात. कमी पडण्याचं नुकसान जास्त, म्हणून थोडा जास्त माल ठेवणं शहाणपणाचं. किती जास्त? १२० ला १२० अधिक ८० ने भागा: ०.६. म्हणजे शंभरातल्या साठ वेळा पुरेल इतका. बारावीच्या मुलांना हे सहज कळतं, कारण आदल्याच तासाला ते पैसे त्यांचे बुडालेले असतात. आठव्या फेरीला सवयीने ऑर्डर देणारे एक-दोन गट असतातच. माल येईपर्यंत हंगाम संपलेला असतो. त्यांना या वेळी हसू द्या.

९. गुण

वीस गुणांचं काम असेल तर बारा गुण चिठ्ठीवरच्या कारणांना, पाच खेळानंतर लिहून घेतलेल्या एका पानाला, तीन नफ्याला. नफ्याला शून्य ठेवलं तर मुलं खेळत नाहीत, जास्त ठेवलं तर एकमेकांच्या चिठ्ठ्या चोरतात. दोन्ही करून पाहिलंय.

१०. दुसऱ्या तुकडीसाठी

पाकीट बदला. हे मी शेवटी लिहिते आहे कारण मला शेवटी कळलं. सकाळी अ तुकडीने 'उशिराचं साल' खेळलं. मधल्या सुट्टीत ते ब तुकडीच्या मोबाइलवर पोचलं, स्टाफरूमच्या कपाटाचं काय झालं कोण जाणे. दुपारी पहिल्या फेरीला ब तुकडीच्या दहापैकी आठ चिठ्ठ्या आल्या, सगळ्यांवर ऑर्डर शून्य आणि कारणाच्या ओळीत गंभीर अक्षरात "अभ्यासाअंती". मी काही बोलले नाही. दुसऱ्या पाकिटातलं वेळापत्रक काढलं, फेरी दोनचा निकाल पडद्यावर टाकला: मुसळधार, बाजारात ९०० गिऱ्हाइकं, आणि आठ ठेल्यांवर सुरुवातीच्या वीस छत्र्यांतल्या उरल्यासुरल्या, कुठे तर एकही नाही.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हे चीटिंग आहे!"